निलयपटलातील छिद्र आणि फुप्फुसातील रोहिणिका

जन्माच्या वेळी हृदयाच्या किंवा त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या रचनेत जे वैगुण्य असते, त्यास जन्मजात हृद्रोग असे म्हणतात. ही व्याख्या बरोबर आहे. परंतु तिच्यातून एक गैरसमज सहज उद्भवतो. वैगुण्य जन्मतः असते म्हणून रोगही जन्मतःच पूर्ण झालेला असतो आणि पुढे केवळ त्याचे परिणाम भोगावयाचे असतात, असे वाटू लागते. वस्तुस्थिती निराळी आहे. हृदयातील दोष गर्भावस्थेच्या पहिल्या दोन महिन्यांत घडून जातो हे खरे. तथापि त्या दोषामुळे येणारा मृत्यू पुष्कळदा हृदयात नव्हे, तर फुप्फुसात, आणि जन्मानंतरच्या काळात हळूहळू आकार घेतो. दोन निलयांमधील पडद्याला पडलेले मोठे छिद्र हे या गोष्टीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्याच्याच आधारे केले आहे.

या प्रश्नाचे परिमाण आधी लक्षात घेतले पाहिजे. जन्मजात हृद्रोगाचे प्रमाण जगात सर्वत्र हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ इतके आढळते. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मुले अशा दोषासह जन्मतात आणि त्यांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांचा दोष पहिल्या वर्षातच उपचार करावे लागतील इतका गंभीर असतो, असा अंदाज आहे. हे आकडे एखाद्या गावाच्या मापाने मोजून पाहणे उद्बोधक ठरेल. पुणे जिल्ह्यातील बारामती शहराला लागून असलेले जळोची आणि त्याच्या आसपासची वस्ती घ्यावी. मैदानी प्रदेशात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे ३०,००० लोकसंख्या असावी असा शासकीय संकेत आहे. तेवढ्या वस्तीत जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला ४५० मुले जन्मतील आणि त्यांपैकी सुमारे चार मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असेल. जन्मजात हृद्रोगांपैकी सुमारे एक तृतीयांश दोष निलयपटलातील छिद्राचे असल्याने, चारांपैकी एखाद्या मुलाचा दोष या प्रकारचा असणार. म्हणजेच हा रोग मोठ्या शहरातील रुग्णालयांचा खास विषय नव्हे. तो प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारात दरवर्षी येऊन उभा राहतो. तो ओळखला जातो की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

हृदयाची घडण

मानवी गर्भात हृदयाचे पहिले रूप एका सरळ नळीचे असते. गर्भधारणेनंतर सुमारे २२ व्या दिवशी ही नळी आकुंचन पावू लागते. चौथ्या आठवड्यात ती लांब होत असता उजवीकडे वळून तिचा वेढा तयार होतो. या वळणामुळेच पुढे उजवा निलय व डावा निलय यांची स्थाने ठरतात. त्यानंतरच्या चार आठवड्यांत या एका पोकळीची दोन अलिंदांत, दोन निलयांत आणि दोन मोठ्या रोहिणींत विभागणी होते.

विभागणीची ही क्रिया एका भिंतीने होत नाही, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. निलयांमधील पडद्याचा स्नायुमय भाग हृदयाच्या टोकाकडून वर वाढत येतो. मध्यभागी असलेल्या मृदू ऊतकाच्या उशांपासून दुसरा भाग तयार होतो. ज्या मार्गाने रक्त बाहेर पडते, तेथील दोन कंगोरे एकमेकांस मळसूत्रासारखे वेढे घेत मिळतात आणि महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांना अलग करतात. हे तिन्ही भाग जेथे एकत्र येतात, तेथे सर्वांत शेवटी, सातव्या-आठव्या आठवड्यात, एक लहानसा पातळ पडदा तयार होऊन उरलेली फट बुजते. प्रौढ मनुष्याचे हृदय उघडून प्रकाशासमोर धरले असता महारोहिणीच्या झडपेखाली हा नखाएवढा भाग अर्धपारदर्शक दिसतो. शरीररचनेच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी स्वतः पाहावा. कारण निलयपटलातील बहुसंख्य छिद्रे नेमकी याच ठिकाणी व याच्या लगत आढळतात. तीन कारागिरांनी तीन बाजूंनी बांधत आणलेल्या भिंतीत जेथे सांधा येतो, तेथेच फट राहण्याचा संभव सर्वांत अधिक, असे हे आहे.

हा सांधा का चुकतो, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. डाऊन विकृतीमध्ये, म्हणजे २१ वे गुणसूत्र तिप्पट असलेल्या मुलांत, निम्म्याच्या आसपास मुलांना हृदयदोष असतो. २२ व्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळाल्यास रक्त बाहेर नेणाऱ्या मार्गाचे दोष उद्भवतात. गर्भारपणाच्या प्रारंभी झालेल्या रुबेला या तापाचा व जन्मजात दोषांचा संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिला. मातेचा मधुमेह, काही औषधे आणि रक्तसंबंधातील विवाह यांचाही काही वाटा आढळतो. परंतु बहुसंख्य मुलांत असे एखादे ठळक कारण सापडत नाही. अनेक लहान कारणांच्या संयोगाने हे घडते असे मानावे लागते. ग्रहण पाळले नाही, गर्भारपणी अमुक खाल्ले, तमुक पाहिले, असा दोष आपल्याकडे अद्यापही मातेच्या माथी मारला जातो. त्याला गर्भविज्ञानात कोणताही आधार नाही. किंबहुना पडदा पूर्ण होण्याचा काळ पुष्कळदा आपण गरोदर आहोत हे स्त्रीला नुकतेच कळले असते तेव्हाचाच असतो.

जन्मानंतरचे सहा आठवडे

गर्भाची फुप्फुसे श्वसनाचे काम करीत नाहीत. प्राणवायू वारेतून येतो. म्हणून गर्भाचे रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते. काही अलिंदांमधील अंडाकृती रंध्रातून डावीकडे, तर काही फुप्फुस-रोहिणीतून डक्टस आर्टेरिओसस या जोडवाहिनीने थेट महारोहिणीत. या काळी फुप्फुसातील बारीक रोहिण्यांच्या भिंती जाड स्नायूंच्या असतात आणि त्यांचा रक्तप्रवाहास होणारा रोध फार मोठा असतो. तो रोध असणे गर्भाच्या हिताचेच असते.

मूल जन्मून पहिला श्वास घेते तेव्हा फुप्फुसे फुलतात व हा रोध एकदम उतरतो. डक्टस साधारणतः पहिल्या दोन-तीन दिवसांत आकुंचन पावून बंद होते आणि दोन-तीन आठवड्यांत तिचे रूपांतर एका तंतुमय दोरीत होते. परंतु फुप्फुसातील रोहिणिकांच्या भिंती पातळ होण्याचे काम एका दिवसात संपत नाही. त्यास सहा ते आठ आठवडे लागतात.

निलयपटलातील छिद्राचे सारे वर्तन या कालक्रमावर अवलंबून आहे. जन्माच्या दिवशी छिद्र असते, पण दोन्ही निलयांतील दाब जवळजवळ सारखे असल्याने त्यातून फारसे रक्त वाहत नाही. म्हणून स्टेथोस्कोपने ऐकले असता मर्मर ऐकू येत नाही आणि मूल निरोगी म्हणून घरी जाते. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे जे साधन आज प्रसूतिगृहात वापरतात, ते नीलिमा आणणारे दोष हुडकण्यास फार उपयुक्त आहे. परंतु या मुलाच्या बाबतीत तेही स्वच्छ दाखला देते, कारण डावीकडचे शुद्ध रक्त उजवीकडे जात असल्याने शरीराला मिळणाऱ्या रक्तात प्राणवायू पुरेसाच असतो. फुप्फुसांचा रोध जसजसा उतरतो तसतसा डावीकडून उजवीकडे जाणारा ओघ वाढतो आणि दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान रोगाची लक्षणे प्रकट होतात. पहिल्या दिवसाची तपासणी निर्दोष होती, एवढ्यावरून हृदय निर्दोष आहे असे अनुमान काढता येत नाही, ही गोष्ट येथूनच निष्पन्न होते.

छिद्राचे स्थान व आकार

स्थानानुसार या छिद्रांचे चार प्रमुख वर्ग होतात : पातळ पडद्यालगतची, केवळ स्नायुमय भागातील, अलिंद-निलय झडपांच्या मागील प्रवेशभागातील, आणि दोन्ही मोठ्या रोहिणींच्या झडपांच्या थेट खाली असलेली. यांतील शेवटचा प्रकार पूर्व आशियातील लोकांत तुलनेने अधिक आढळतो. त्यात महारोहिणीच्या झडपेचे एक दल आधार नसल्याने छिद्रात ओघळते व झडप गळू लागते. स्नायुमय भागातील लहान छिद्रे मात्र स्नायूच्या वाढीबरोबर पहिल्या काही वर्षांत पुष्कळदा आपोआप बुजतात.

स्थानाइतकाच आकारही निर्णायक असतो. हेन्री रॉजर या फ्रेंच वैद्याने १८७९ मध्ये असे दाखवून दिले की, काही व्यक्तींत अतिशय मोठा मर्मर असूनही प्रकृती उत्तम राहते. त्याचे कारण छिद्र लहान असते हेच होय. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला हे उमगण्यास अडचण पडू नये. बांधाला बारीक भोक पडले तर पाण्याची चिळकांडी आवाज करीत उडते, पण पाणी थोडेच जाते. बांध फुटला तर पाणी निमूटपणे वाहून जाते आणि पलीकडचे वावर बुडते. छिद्र लहान असते तेव्हा डाव्या निलयातील सुमारे १०० मिलिमीटर पाऱ्याचा दाब आणि उजव्या निलयातील २५ मिलिमीटरचा दाब यांतील अंतर कायम राहते. छिद्र महारोहिणीच्या मुखाएवढे असते तेव्हा हे अंतर नाहीसे होते. दोन्ही निलय जणू एकच होतात, आणि रक्त कोणीकडे जावे हे केवळ पुढील मार्गाच्या रोधावर ठरते. शरीराच्या मार्गापेक्षा फुप्फुसाच्या मार्गाचा रोध कमी असल्याने शरीराला मिळणाऱ्या रक्ताच्या दुप्पट-तिप्पट रक्त फुप्फुसांतून फिरू लागते.

अशा मुलाच्या शवविच्छेदनात प्रथमदर्शनी एक कोडे पडते. रक्त उजव्या निलयात शिरते, मग विस्तार डाव्या अलिंदाचा व डाव्या निलयाचा का दिसतो? उत्तर असे की, आकुंचनाच्या वेळी छिद्रातून जाणारे रक्त उजव्या निलयात थांबत नाही. ते सरळ फुप्फुस-रोहिणीत फेकले जाते आणि फुप्फुसांतून फिरून डाव्या अलिंदात परत येते. अतिरिक्त रक्ताचा भार अशा रीतीने डाव्या बाजूलाच सोसावा लागतो. फुप्फुसे जड व रक्ताने ओथंबलेली असतात. जिवंतपणी याचाच अर्थ असा होतो की, मूल दूध ओढताना मध्येच थांबते, धापा टाकते, त्याच्या कपाळावर घाम येतो, वारंवार छाती भरते आणि वजन वाढत नाही. अंगणवाडीच्या नोंदवहीत असे मूल ‘कमी वजनाचे’ म्हणून दाखल होते व त्याला पूरक आहार सुचविला जातो. आहार देणे योग्यच आहे. परंतु ज्या मुलाची सारी शक्ती श्वास घेण्यात व दूध ओढण्यात खर्च होते, त्याचे कुपोषण केवळ घासांची संख्या वाढवून दूर होत नाही.

फुप्फुसातील रोहिणिकांचा विकार

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. सतत मोठ्या दाबाने व मोठ्या ओघाने येणारे रक्त फुप्फुसातील सूक्ष्म रोहिण्यांना सोसत नाही. त्यांच्यातील फेरबदलांचे वर्गीकरण डोनाल्ड हीथ व जेसी एडवर्ड्‌स यांनी १९५८ मध्ये सहा श्रेणींत केले. त्यात पुढे पुष्कळ सुधारणा सुचविल्या गेल्या, तरी अभ्यासाचा पाया म्हणून ते वर्गीकरण अजूनही शिकविले जाते.

पहिल्या श्रेणीत रोहिणिकेच्या मधल्या, स्नायुमय थराची जाडी वाढते. दुसरीत आतल्या अस्तराच्या पेशी वाढून पोकळी अरुंद होऊ लागते. तिसरीत या वाढीच्या जागी तंतुमय ऊतक येते. ते कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक थर देत पोकळी जवळजवळ बुजविते. चौथ्या श्रेणीत भिंत जागोजागी फुगते व तिच्यात बारीक वाहिन्यांची जाळीदार गुंतागुंत दिसू लागते. पाचवीत फुगलेल्या पातळ वाहिन्या फुटून फुप्फुसात रक्तस्राव होतो व रक्तातील लोह तेथे साठते. सहावीत भिंतीच्या ऊतकाचा नाश होतो.

या सहा पायऱ्यांमध्ये एक उंबरठा आहे. पहिल्या दोन श्रेणींतील फेरबदल, छिद्र बुजविल्यावर व ओघ कमी झाल्यावर, बव्हंशी मागे फिरतात. तिसरी श्रेणी संशयाची आहे. चौथीपासून पुढे परतीची वाट नाही. सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टीवर तिसऱ्या व चौथ्या श्रेणीमधील अंतर थोडेसे दिसते. मुलाच्या आयुष्यात मात्र ते अंतर बरे होणे व न होणे यांतील अंतर असते.

सुधारणेचा भास

या विकाराचा सर्वांत फसवा भाग असा की, तो वाढत असता मूल सुधारत आहे असे दिसते. रोहिणिका अरुंद झाल्या की फुप्फुसाचा रोध वाढतो. रोध वाढला की छिद्रातून जाणारा ओघ घटतो. ओघ घटला की फुप्फुसे हलकी होतात, डाव्या निलयावरील भार कमी होतो, धाप ओसरते, घाम थांबतो, वजन वाढू लागते आणि मर्मरही मंदावतो. पहिल्या वर्षी जे मूल दर महिन्याला दवाखान्यात न्यावे लागे, ते दुसऱ्या वर्षी अंगणात खेळू लागते. आईबापांना वाटते, देवाने ऐकले. शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईस जाण्याचा जो विचार चालला होता, तो सहजच मागे पडतो.

मर्मर मंदावण्याची व प्रकृती सुधारण्याची तीन वेगवेगळी कारणे संभवतात. छिद्र खरोखरच आपोआप बुजत असेल. उजव्या निलयाच्या निर्गममार्गातील स्नायू जाड होऊन तेथे अडसर निर्माण होत असेल. अथवा फुप्फुसातील रोहिणिका कठीण होत असतील. बाह्य चित्र एकच, पण आतील रचना तीन प्रकारची, आणि त्यांची फलिते परस्परविरुद्ध. पहिल्या प्रकारात मूल बरे होते. दुसऱ्यात त्याचे फुप्फुस सुरक्षित राहते, पण शस्त्रक्रिया लागते. तिसऱ्यात शस्त्रक्रियेची वेळ निघून जात असते. हृदयाचा दुसरा ध्वनी जोरदार व आघातासारखा ऐकू येऊ लागला, तर तिसऱ्या प्रकाराची शंका घ्यावी, असा वैद्यकाचा जुना नियम आहे. आज प्रतिध्वनिचित्रणाने, म्हणजे इकोने, आणि आवश्यक तेथे हृदयात नळी घालून दाब मोजून, तो निर्णय पक्का करता येतो. परंतु त्यासाठी ‘सुधारलेले’ मूल पुन्हा तपासणीस आणले गेले पाहिजे.

या प्रक्रियेचा अखेरचा टप्पा व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये वर्णिला. त्यांचा रुग्ण ३२ वर्षांचा पुरुष होता. बालपणापासून त्याला धाप व नीलिमा होती, आणि फुप्फुसातून रक्तस्राव होऊन तो मरण पावला. विच्छेदनात निलयपटलात मोठे छिद्र आढळले. पुढे १९५८ मध्ये लंडनच्या पॉल वुड यांनी स्पष्ट केले की, या अवस्थेचे मर्म छिद्राच्या विशिष्ट जागेत नसून फुप्फुसाच्या वाढलेल्या रोधात आहे. छिद्र निलयांत, अलिंदांत वा रोहिणींमध्ये कोठेही असले तरी रोध शरीराच्या रोधाहून वरचढ झाला की प्रवाह उलटतो आणि अशुद्ध रक्त शरीरात जाऊ लागते. या अवस्थेत छिद्र बंद करणे म्हणजे उजव्या निलयाचा उरलासुरला सुटकेचा मार्ग बंद करणे होय. ज्या शस्त्रक्रियेने मूल पहिल्या वर्षी वाचले असते, तीच शस्त्रक्रिया आता त्याचा प्राण घेते.

निरनिराळ्या दोषांत हा काळ निरनिराळा असतो. अलिंदपटलातील छिद्रात दाब कमी असल्याने फुप्फुसे बहुधा कित्येक दशके टिकतात. निलयपटलातील मोठ्या छिद्रात व मोठ्या डक्टसमध्ये पहिल्या एक-दोन वर्षांनंतर धोका झपाट्याने वाढतो. डाऊन विकृती असलेल्या मुलांत तो पहिल्या वर्षातच गाठतो. दोन्ही रोहिणींचा एकच बुंधा असतो तेव्हा, किंवा रोहिणींची अदलाबदल होऊन शिवाय निलयपटलात छिद्र असते तेव्हा, अवधी काही महिन्यांचाच मिळतो.

फॅलोची चतुष्टयी : उलट बाजूचा पुरावा

फुप्फुसाकडे जाणारा ओघच जर घातक असेल, तर तो ओघ निसर्गतः अडलेला असता काय घडते हे पाहिले पाहिजे. फॅलोच्या चतुष्टयीत तोच पुरावा मिळतो. निलयपटलातील मोठे छिद्र, त्यावर स्वार झालेली महारोहिणी, फुप्फुसाकडील मार्गाचे अरुंदपण आणि उजव्या निलयाची जाड झालेली भिंत, अशी ही चार वैगुण्ये होत. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ नील्स स्टेन्सेन यांनी सतराव्या शतकात त्यांचे वर्णन केले होते. मार्सेय येथील एत्येन-लुई आर्थर फॅलो यांनी १८८८ मध्ये जिवंतपणीची लक्षणे व विच्छेदनातील रचना यांची सांगड घातली. ही चार वैगुण्ये वस्तुतः एकाच घटनेतून उद्भवतात. निर्गममार्गाला विभागणारा पडदा पुढे व वर सरकल्याने एकीकडे मार्ग अरुंद होतो, दुसरीकडे खाली छिद्र राहते व महारोहिणी त्यावर येते. चौथे वैगुण्य हा केवळ वाढलेल्या दाबाचा परिणाम होय.

ही मुले निळसर दिसतात, रडताना त्यांचा श्वास कोंडतो, आणि थोडे चालले की ती उकिडवी बसतात. उकिडवे बसल्याने पायांच्या रोहिण्या दाबल्या जाऊन शरीराचा रोध वाढतो व अधिक रक्त फुप्फुसाकडे वळते. त्या मुलांना ही युक्ती कोणी शिकविलेली नसते. त्यांचे रक्त दाट होते, मेंदूत गाठ किंवा गळू होण्याचा धोका असतो. परंतु त्यांच्या फुप्फुसातील रोहिणिका अरुंद दारामागे सुरक्षित राहतात. म्हणून निदान उशिरा झाले तरी, मूल तोवर जगले असेल तर, दुरुस्तीची आशा बहुधा शिल्लक असते. निळे मूल पाहून गाव हादरते; गोऱ्या, धापणाऱ्या व नंतर ‘सुधारणाऱ्या’ मुलाकडे कोणी पाहत नाही. काळाच्या दृष्टीने अधिक घाईचे मूल मात्र पुष्कळदा दुसरे असते.

शल्यवैद्यांनी हे दोन्ही धडे प्रत्यक्षात उतरविले. १९४४ च्या नोव्हेंबरात बाल्टिमोर येथे हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून आणि व्हिव्हियन थॉमस यांनी प्राण्यांवर सिद्ध केलेल्या तंत्राने आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका निळ्या बालिकेच्या हाताकडील रोहिणी फुप्फुस-रोहिणीला जोडली. म्हणजे जेथे रक्त कमी पडत होते तेथे कृत्रिम डक्टस निर्माण केली. १९५२ मध्ये मुलर व डॅमन यांनी याच्या उलट केले; जेथे रक्ताचा पूर येत होता तेथे फुप्फुस-रोहिणीभोवती पट्टी आवळून फॅलोच्या रोगातील अरुंदपणाचीच नक्कल केली. दोन्ही शस्त्रक्रियांचे मूळ विच्छेदनाच्या टेबलावर होते.

विकृतिशास्त्रज्ञाचे टेबल

या शाखेची उभारणी नमुन्यांवर झाली आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या पालक मॉड अ‍ॅबट यांनी १९३६ मध्ये एक हजार रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यापूर्वी हे दोष असाध्य कुतूहलाचे विषय मानले जात. पुढे १९५४ मध्ये मिनेसोटा येथे वॉल्टन लिलेहाय यांनी निलयपटलातील छिद्र उघड्या हृदयावर टाके घालून बंद केले, तेव्हा काही मुलांत हृदयाची गती अकस्मात मंदावे. त्याचे कारण शरीररचनेत होते. सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये दाखविलेला, संवेदना निलयांकडे नेणारा तंतूंचा जुडगा पातळ पडद्याच्या छिद्राच्या मागील व खालील काठानेच जातो. मॉरिस लेव्ह यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञांनी असंख्य काप तपासून त्याचा मार्ग निश्चित केला, आणि टाका कोठे घालू नये हे शल्यवैद्यास कळले.

रचनेचे वाचन कसे करावे, हेही याच टेबलाने शिकविले. अलिंद उजवे की डावे हे ते छातीत कोणत्या बाजूस आहे यावरून ठरत नाही, तर त्याच्या उपांगाच्या आकारावरून व आतील स्नायूंच्या ठेवणीवरून ठरते. निलय उजवा असल्याचे त्याच्या खरखरीत आतील पृष्ठावरून व पडद्यास चिकटलेल्या त्रिदल झडपेच्या दोऱ्यांवरून ओळखावे. रिचर्ड व्हॅन प्राग यांनी १९६४ पासून मांडलेल्या व रॉबर्ट अँडरसन यांनी पुढे विकसित केलेल्या खंडशः विश्लेषणाचे सार इतकेच की, अलिंदे, निलय व रोहिणी हे तीन खंड क्रमाने ओळखावे आणि ते एकमेकांस कसे जोडले आहेत ते सांगावे. इको पाहणारा आजचा वैद्य पडद्यावर तेच वाचन करतो.

महाराष्ट्रात मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या विभागाने १९५० नंतर हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला. फेब्रुवारी १९६८ मध्ये तेथे देशातील पहिल्या हृदयरोपणाचा प्रयत्नही झाला. बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झाले. अशा नव्या विभागांना जुन्या संग्रहांइतके नमुने आता मिळणार नाहीत, कारण विच्छेदने सर्वत्र घटली आहेत. जे मिळतील त्यांबाबत मातापित्यांची स्पष्ट संमती घेणे अपरिहार्य आहे. इंग्लंडमध्ये मृत बालकांची हृदये संमतीवाचून जतन केल्याचे १९९९ च्या सुमारास उघडकीस आले, तेव्हा या शास्त्रावरील लोकांच्या विश्वासाला मोठा तडा गेला. ज्ञान मिळविण्याचा हक्क शोकाकुल आईबापांच्या हक्कापेक्षा मोठा नाही.

गावपातळीवरील अर्थ

या साऱ्या विवेचनातून आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीने दोन तारखा निघतात. पहिली जन्मानंतरच्या सहाव्या आठवड्याची. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी विकसित केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या घरोघरी नवजात बालसंगोपनाच्या प्रयोगातून प्रेरणा घेऊन २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी त्या ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी होतात. ४२ वा दिवस म्हणजे बरोबर सहावा आठवडा. ज्या वेळी फुप्फुसांचा रोध उतरून छिद्र बोलू लागते, तीच ही वेळ. त्या दिवशी बाळ दूध कसे ओढते हे दोन मिनिटे पाहणे, कपाळावरील घाम व श्वासाची गती टिपणे, यास कोणतेही यंत्र लागत नाही.

दुसरी तारीख पहिल्या वाढदिवसाच्या आतील होय. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात, आणि जन्मजात हृद्रोग त्या तपासणीच्या यादीत आहे. महाराष्ट्रात शस्त्रक्रियेचा खर्च भागविण्यासाठी २०१२ मध्ये सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजनाही आहे. तथापि यादीत नाव येण्यासाठी मूल त्या दिवशी त्या गावात असावे लागते. माळेगाव, सोमेश्वरनगर व इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे येतात व फडाजवळच्या कोप्यांत महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्या मुलाची नोंद गावच्या अंगणवाडीत, आणि मूल उसाच्या फडात, अशी स्थिती असते. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. आणि निलयपटलात मोठे छिद्र असलेल्या बालकाला तेवढेच महिने फार मोलाचे असतात.

म्हणून जे मूल एकदा धापत होते व आता बरे दिसते, त्याला तपासणीच्या यादीतून वगळण्याऐवजी त्या यादीत सर्वांत वर घेतले पाहिजे. छिद्र बुजले असेल तर इको ते पाच मिनिटांत सांगेल आणि आईबाप निश्चिंतपणे परततील. बुजले नसेल, तर फुप्फुसातील रोहिणिका अजून पहिल्या दोन श्रेणींत असतानाच ते कळलेले बरे. पडद्याला पडलेले छिद्र जन्मापूर्वीच ठरून गेलेले असते. रोहिणिकांचे भवितव्य मात्र जन्मानंतर, मुलाच्या आसपासच्या माणसांच्या डोळ्यांदेखत ठरत असते, आणि तेवढ्यापुरता हा रोग टाळता येण्याजोगा आहे.